पिवळा माझ्याकडे होता

पॅरिसला, चौथ्या मजल्यावर, छपराच्या काचेखाली
आम्ही साठजणी बसायचो.
प्रत्येकीला एकच रंग.
होर्तांसकडे लाल, झिनेतकडे निळा,
पिवळा माझ्याकडे होता.

खालून उजेड येणारी काच, तिच्यावर फिल्मची पट्टी.
चौकट टपालाच्या तिकिटाएवढी
आणि तिच्यात नाचणारी बाई जवाच्या दाण्याएवढी.
तिच्या झग्याच्या कडेला
तीन केसांच्या कुंचल्यानं एक ठिपका.
पट्टी सरकवायची.
पुन्हा तीच बाई, कोपर केसभर वर.
पुन्हा ठिपका.
पडद्यावर म्हणे सेकंदाला अशा सोळा पळतात.
मी दिवसाला दोनशे करायची,
म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत
साडेबारा सेकंदांचा पिवळा.

मादाम व्हेर्दिए भिंग घेऊन बाकांमधून फिरायची.
श्वास बाजूला सोडा, मुलींनो.
शिंक आली तर जिन्यात.
दिवा नाही, शेगडी नाही,
थंडीत बोटं काखेत धरून ऊब द्यायची,
कारण ही पट्टी अशी पेटते
की बादली उचलेपर्यंत खोली उरत नाही.

माझ्या पिवळ्यावर झिनेतचा निळा पडला
की पान हिरवं व्हायचं.
त्या हिरव्याची मजुरी कुणाच्याच नावावर नव्हती.
यावरून आम्ही भांडलो एकदा,
आठवडाभर अबोला.

बाईचं नाव कळलं नाही, चित्राचंही नाही.
डब्यावर नुसता आकडा असायचा.
होर्तांस म्हणायची,
हिच्या गालावर मीच लाजते गं, रोज दोनशे वेळा.
पट्टी तिच्याकडून माझ्याकडे यायची,
लाल आधी, मग मी.
फेब्रुवारीत ती आठ दिवस खोकली.
नवव्या दिवशी जिन्यातून निरोप आला,
मी मान वर केली नाही,
हात तेवढा घसरला.

जूनमध्ये फिर्मँ, माझा भाऊ,
मला रुआँच्या जत्रेत घेऊन गेला.
तंबू, डुगडुगणारी बाकं, मागे यंत्राची खडखड,
कुणाच्या तरी पाइपचा धूर उजेडाच्या झोतात.
आणि ती आली.
जवाचा दाणा नव्हे, माणसाहून मोठी.
चेहरा मला ओळखू आला नाही.
मी कोपरावरून ओळखलं.

फिर्मँ नाक शिंकरून होईपर्यंत
माझा एक अख्खा सोमवार संपला.
मग गालावर लाल चढला.
माणसं शिट्ट्या मारत होती
आणि होर्तांस लाजत होती,
चार महिने मातीखाली असलेली होर्तांस.
आणि लगेच तो ठिपका,
झग्याच्या बाहेर, नुसत्या हवेत,
एकाच चौकटीत, मादामच्या भिंगातून सुटलेला.
पिवळी माशी उडावी तसा.

तो बघ, मी म्हटलं.
काय?
गेला.

पुढच्या वर्षी यंत्रं आली.
सुईनं साचा कापायचा, मखमलीचा पट्टा रंग पुसत जातो.
साठातल्या बारा ठेवल्या.
मी त्यांत नव्हते, झिनेत होती.
मग मी लोणी विकलं, लग्न केलं, लढाई आली.
अंगठ्याच्या नखाखालचा पिवळा
पहिल्या बाळंतपणापर्यंत गेला नव्हता,
सुईणीला वाटलं कावीळ.

आता झिनेतचं पत्र आलंय.
ते जुने डबे म्हणे उकळले,
पट्ट्यांतून चांदी काढून घेतली,
वजनावर विकली.
चांदीचं समजलं.
पिवळ्याचं काय केलं
ते तिनं लिहिलेलं नाही.